पिक्चरमधला बँड आणि खरा बँड: खानापूरच्या पोराला दिलेलं जरा लांबलेलं उत्तर

माझ्याकडे रविवारी गिटार शिकायला खानापूरहून एक पोरगा येतो, त्याने विचारलंय: "काका, क्वीनवरचा बोहेमियन रॅप्सडी बघितला, शेवटी रडलो. नंतर एकजण म्हणाला त्यातलं निम्मं खोटं आहे. रॉकवाल्यांवरचे हे पिक्चर खरे असतात काय? आणि खोटे असले तर एवढे खरे का वाटतात?"

समोरासमोर पाच मिनिटांत सांगून होईना, म्हणून लिहून काढतोय. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी: क्वीन म्हणजे लंडनचा रॉक बँड, फ्रेडी मर्क्युरी त्याचा गायक.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. बेळगावच्या कॅम्पातल्या एका सरांकडे कॉर्ड शिकलो, गोव्याहून आलेल्या कॅसेटी झिजेपर्यंत ऐकल्या, मग ऑर्केस्ट्रात लीड गिटार. खानापूर, निपाणी, संकेश्वर, घाट उतरून गोव्यातली लग्नं, वर चंदगड गडहिंग्लज, सगळीकडे वाजवलंय. आधी गणपतीचं गाणं, मग एक कन्नड, एक मराठी, मग हिंदी सुरू, आणि गर्दीत कोण हौशी निघाला तर एखादं इंग्लिश. गेली पंधराएक वर्षं जास्त करून मिक्सरच्या मागं बसतो. त्यामुळे असला पिक्चर बघताना माझं लक्ष हिरोच्या तोंडाकडे नसतंच, बोटं कुठल्या फ्रेटवर आहेत आणि वायर कुठं गेलीय तिकडे असतंय. बायको म्हणते तुमच्यासोबत पिक्चर बघायला नको.

थोडक्यात सांगायचं तर कपडे, केस, गिटारचं मॉडेल, स्टेज हे सगळं आता जवळपास तंतोतंत करतात. तारखा मात्र सरळ पत्त्यासारख्या पिसतात. भांडणं बहुतेक शिवलेली असतात. आणि जे खरं काम असतंय, म्हणजे तेच गाणं चाळीस वेळा वाजवून कंटाळणं, पैशाची वाट बघणं, ते दाखवतच नाहीत, दाखवलं तर दोन मिनिटांत जोक करून सोडतात.

आता तुझा पिक्चर घे. २०१८ चा. शेवटचा लाइव्ह एडचा भाग, म्हणजे दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेला तो मोठा कार्यक्रम, १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली स्टेडियम. पियानोवर ठेवलेले पेप्सीचे कप सुद्धा जिथल्या तिथं आहेत, फ्रेडी झालेल्या रामी मालेकची पावलं, माइकचा अर्धा दांडा, हात उगारायची वेळ, सगळं बरोबर. यूट्यूबवर मूळचं लावून शेजारी ठेव, चकित होशील. म्हणूनच तुला ते खरं वाटलं की. डोळ्याला एवढं खरं दिसल्यावर कान आणि डोकं कशाला शंका घेतंय? पण मूळ सेट साधारण एकवीस मिनिटांचा होता, त्यातली क्रेझी लिटल थिंग आणि वुई विल रॉक यू ही दोन गाणी थेटरातल्या पिक्चरमध्ये नव्हती. हे चालतंय, वेळेचा प्रश्न असतो.

खरी गडबड त्याच्या आधी आहे. पिक्चर म्हणतो बँड फुटला होता, फ्रेडीने सोलो करायसाठी सगळ्यांना सोडलं, मग माफी मागून परत आला. अरे, बँड फुटलाच नव्हता! १९८४ ला द वर्क्स अल्बम आला, त्याची टूर १९८५ च्या मे महिन्यापर्यंत चालू होती, आणि दोन महिन्यांनी लाइव्ह एड. हात गरम होते त्यांचे, म्हणून तर ते एवढं भारी वाजवले. आणि सोलोचं म्हणशील तर ड्रमर रॉजर टेलरने १९८१ लाच सोलो अल्बम काढला होता, गिटारवाल्या ब्रायन मेचं १९८३ ला आलं, फ्रेडीचं सगळ्यात शेवटी १९८५ ला. म्हणजे जो शेवटी गेला त्याच्यावर आधी गेल्याचा आळ. फ्रेडी सांगायला जिवंत नाही, आणि जे दोघं पिक्चरच्या कामात होते ते मे आणि टेलर. मी कुणाला खोटारडा म्हणत नाही, पण ही गोष्ट लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

दुसरं, आजाराचं, म्हणजे एड्सचं. पिक्चरमध्ये लाइव्ह एडच्या आधी रिहर्सलला फ्रेडी बाकीच्यांना सांगतो, आणि त्यामुळे शेवटची वीस मिनिटं आपण डोळे पुसत बघतो. त्याचा जोडीदार जिम हटन याच्या सांगण्यानुसार निदान झालं ते १९८७ ला. म्हणजे त्या दिवशी स्टेजवरचा माणूस मरणाच्या छायेत गात नव्हता, चांगल्या बँडचा चांगला गायक चांगल्या फॉर्ममध्ये होता, एवढंच. मला विचारशील तर हेच जास्त मोठं आहे. पण त्यावर तिकीट खपत नाही.

बारीकसारीक तर किती सांगू. वुई विल रॉक यू १९७७ चं, पिक्चरमध्ये ते बनवताना फ्रेडीला मिशी, आणि मिशी आली १९८० ला. जिम हटन पिक्चरमध्ये पार्टीत ट्रे घेऊन फिरणारा वेटर, खरा तो हेअरड्रेसर, भेट झाली ती क्लबात. रेकॉर्ड कंपनीतला तो चष्मेवाला साहेब, गाणं नको म्हणणारा, त्या नावाचा माणूसच नव्हता.

पण मला राग आला तो दोन ठिकाणी, आणि दोन्ही आमच्या धंद्यातल्या गोष्टी. एक, पिक्चरमध्ये पोरं व्हॅन विकून पहिलं रेकॉर्डिंग करतात. खरं काय झालं ते किती मजेशीर आहे बघ: लंडनला डी लेन ली नावाचा नवीन स्टुडिओ झाला होता, त्यांना भिंतीतून आवाज गळतोय का ते तपासायला मोठ्याने वाजवणारा बँड पाहिजे होता, क्वीनवाले म्हणाले आम्ही वाजवतो, बदल्यात आमचा डेमो फुकट करा. नंतर ट्रायडंट स्टुडिओत बाकीच्यांचं काम संपलं की उरलेल्या वेळात यांचं रेकॉर्डिंग. म्हणजे वाडप्यानं पंगत उठल्यावर जेवावं तसं. हे कुठल्या पण बँडवाल्याला पटेल, आम्ही पण शहापुरातल्या एका मंगल कार्यालयात लग्न नसेल त्या दिवशी झाडलोट करायच्या बोलीवर प्रॅक्टिस केलीय. व्हॅन विकणं म्हणजे पिक्चरवाल्याच्या डोक्यातला त्याग.

दुसरं ते लिमिटरचं. लाइव्ह एडला आवाज एका पातळीच्या वर जाऊ नये म्हणून सिस्टिमला लिमिटर होते, क्वीनचा आवाज बाकीच्यांपेक्षा मोठा आला, आणि आमच्या साउंडवाल्याने त्यात हात घातला होता असं टेलर नंतर बोललेला आहे. पिक्चरमध्ये ते काम कोण करतो? त्यांचा वकील-मॅनेजर! गुपचूप येऊन फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, वर सारतो आणि हसतो. अरे बाबा, वकिलाने मिक्सरला हात लावला तर मी पहिलं त्याचा हात बाजूला करीन मग विचारीन कोण तू. त्या साउंडवाल्याचं आयुष्यातलं सगळ्यात भारी काम वकिलाच्या खात्यात. आमचं असंच असतंय गा, आवाज चांगला आला तर गायक भारी, शिट्टी आली तर साउंडवाला बेकार.

आणि मुख्य गाणं, ज्याच्यावरनं पिक्चरचं नाव, त्याचं रेकॉर्डिंग १९७५ ला वेल्सच्या रॉकफील्डला सुरू झालं आणि पुढं आणखी काही स्टुडिओत गेलं. मधला तो ऑपेरासारखा भाग, त्यात फ्रेडी, मे आणि टेलर तिघंच, एकावर एक आवाज चढवत गेले, तीन आठवडे, दिवसाचे दहा-दहा तास. चोवीस ट्रॅकची टेप, जागा पुरेना म्हणून चार आवाज एकात मिसळायचे, परत वर चढवायचे, असं करत टेप एवढी घासली की तिच्यातून पलीकडचं दिसायला लागलं म्हणतात. गाणं पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. पिक्चरमध्ये हे काय आहे? टेलर किंचाळतो, फ्रेडी म्हणतो अजून वर, सगळे हसतात, झालं. गाणं कसं बनतं हे दाखवायची सोन्यासारखी संधी होती.

आता तुझा खरा प्रश्न, असं का करतात. लोक म्हणतात दोन तासांत आयुष्य बसत नाही म्हणून. ते आहेच, पण माझ्या मते मोठं कारण वेगळं: गाणी कोणाच्या मालकीची. रॉकवाल्यावरचा पिक्चर गाण्याशिवाय म्हणजे मिठाशिवाय पिठलं, आणि गाणं वापरायची परवानगी ज्याच्याकडे, त्याला नको असलेली गोष्ट पिक्चरमध्ये येत नाही, सोपं आहे. जिमी हेंड्रिक्सवर २०१३ ला एक पिक्चर आला, घरच्यांनी गाणी दिली नाहीत, तर हेंड्रिक्सचा पिक्चर आणि त्यात हेंड्रिक्सचं स्वतःचं एक गाणं नाही, दुसऱ्यांची गाणी तो वाजवायचा तेवढीच. डेव्हिड बोवीवर २०२० ला आलेल्याचं तेच, मुलाने आधीच सांगून टाकलेलं की आमची परवानगी नाही, गाणी नाहीत. असले पिक्चर लंगडतात. आणि परवानगी मिळाली की मग पिक्चर गोड होतो. एल्टन जॉनवरच्या रॉकेटमॅनमागे स्वतः एल्टन आणि त्याचा नवरा होते. तरी तो मला आवडला, कारण तो पहिल्यापासनं सांगतोय की मी स्वप्न आहे, लोक हवेत तरंगतात, त्यामुळे १९७० च्या कार्यक्रमात १९७२ चं गाणं आलं तर कुणी पंचांग काढून बसत नाही. फक्त नावाची गोष्ट उगाच बदलली, जॉन लेननच्या फोटोकडे बघून 'जॉन' घेतलं असं दाखवलंय, खरं ते लाँग जॉन बाल्ड्री नावाच्या गायकावरनं, आणि 'एल्टन' सॅक्सोफोनवाल्या एल्टन डीनवरनं. लेनन सगळ्यांना माहीत, बाल्ड्री कोणाला माहीत? एवढंच कारण.

बीटल्सच्या सुरुवातीच्या दिवसांवर बॅकबीट म्हणून पिक्चर आहे १९९४ चा, त्यात लाँग टॉल सॅली हे गाणं लेननच्या तोंडी दिलं. ते गायचा मॅकार्टनी. तो चिडला होता, आणि बरोबर चिडला. बाहेरच्याला वाटेल एवढ्यावरनं काय, पण ऑर्केस्ट्रात कुठलं गाणं कोणाचं यावरनं लोकांनी बोलणं सोडलेलं मी बघितलंय.

इथं माझी स्वतःची चूक सांगतो. आमचा ऑर्केस्ट्रा बारा वर्षं चालला आणि फुटला. कशावरनं? कीबोर्ड नवीन घेतला होता हप्त्यावर, हप्ता कीबोर्डवाल्याच्या नावावर, ठरलं होतं सगळ्यांनी भरायचा, आणि दोन मोठ्या कार्यक्रमांचे पैसे सुपारी सोडून पुढं आलेच नाहीत, मग हप्ता थकला, मग आवाज चढले. एवढंच. कोणाची बाई नाही, दारू नाही, अहंकार तर सगळ्यांकडे पहिल्यापासून होता. तेरा वर्षांनी एका मंडळाने आग्रह केला, परत एक दिवस वाजवूया ठरलं, आणि स्टेजवर लावायला एकाच्या भाच्याने, जो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, दहा मिनिटांचा आमच्यावरचा व्हिडिओ बनवला. त्यात काय, तर आमचा गायक मोठं नाव करायला मुंबईला गेला, बँड तुटला, आणि मित्रांच्या एका फोनवर तो परत आला. मागं व्हायोलिन. गायक आयुष्यात मुंबईला राहिलेला नाही, तो उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, त्या दिवशी सेकंड शिफ्ट बदलून घेऊन आलता.

आणि आम्हाला तो व्हिडिओ आधी दाखवला होता बरं का. मी बघितला, गायकाने बघितला, दोघांनी मान हलवली. का? कारण हप्त्याची गोष्ट लाजिरवाणी होती, आणि मुंबईची गोष्ट ऐकायला बरी वाटत होती, गायकाला तर फारच. लोकं रडली. दुसऱ्या दिवशी बेसवाल्याचा फोन, तो आता वास्कोला असतो, कार्यक्रमाला आलाच नव्हता, त्याने व्हॉट्सअॅपवर बघितलं. म्हणाला, "मी कुठं आहे रे त्यात?" एक फोटो होता त्याचा, अर्धा, खांबामागं. मी म्हटलं चांगला फोटो मिळाला नाही. तो म्हणाला, "मागं गाणं वाजतंय ना, जुन्या कॅसेटवरचं, त्यात बेस माझाच आहे." मला काय बोलायचं सुचेना. क्वीनचा बेसवाला जॉन डीकन पण असाच, केव्हाच सगळ्यातून बाहेर पडून घरी बसलाय. पिक्चरमध्ये तो बँडच्या पहिल्याच कार्यक्रमात उभा दिसतो, खरा तो १९७१ ला आला, त्याच्या आधी काही बेसवाले येऊन गेले होते. त्या बिचाऱ्यांचा तर खांबामागं सुद्धा फोटो नाही.

म्हणून मे आणि टेलरवर मी फार ओरडत नाही. मी त्या खुर्चीत बसलोय, लहान खुर्ची का असेना. आणखी एक बघ, पिक्चरमध्ये समेट होताना ठरतं की आता गाणं कुणी पण लिहू दे, नाव चौघांचं. हा नियम त्यांनी खरंच केला, पण सगळ्या गाण्यांना लागला तो १९८९ च्या द मिरॅकल अल्बमपासनं. आणि त्याचं मूळ पैशात आहे: बोहेमियन रॅप्सडीच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टेलरचं गाडीवरचं गाणं होतं, रेकॉर्ड खपली की दोन्ही बाजूंचे पैसे सारखेच. विचार कर घरात काय वातावरण असेल. आमचा हप्ता आणि त्यांची रॉयल्टी, आकडा वेगळा, भांडण एकच.

आवाजाचं पण सांगायला पाहिजे. मालेकच्या तोंडून जे येतंय ते बरंचसं फ्रेडीच्या मूळ रेकॉर्डिंगमधलं, जिथं ते नाही तिथं मार्क मार्टेल नावाचा गायक, थोडं मालेकचं स्वतःचं. ऑस्कर मिळाला तो अभिनयाला. याच्या उलट जॉनी कॅशवरच्या वॉक द लाइनमध्ये वाकिन फिनिक्स आणि रीझ विदरस्पून दोघं स्वतः गायले, डोअर्स बँडवरच्या १९९१ च्या पिक्चरमध्ये व्हॅल किल्मर बरीच गाणी स्वतः गायला. तरी डोअर्सचा कीबोर्डवाला रे मॅन्झारेक त्या पिक्चरवर शेवटपर्यंत चिडून होता, म्हणायचा आमचा जिम, म्हणजे गायक जिम मॉरिसन, असा नव्हताच. म्हणजे आवाज खरा लागला तरी माणूस खरा लागेल असं नाही. आपल्याकडे बालगंधर्वमध्ये चेहरा सुबोध भावेचा, गळा आनंद भाटेंचा, आणि 'मी वसंतराव' पिक्चरमध्ये तर नातू राहुल देशपांडे स्वतःच आजोबा झाला, स्वतःच गायला. गळ्याच्या बाबतीत याहून खरं कुठं मिळणार? पण नातवाने केलेला पिक्चर, आजोबावर कडक किती होणार, हा प्रश्न राहतोच.

बॉब डिलनवरचा २०२४ चा अ कम्प्लीट अननोन पण बघ. डिलन झालेला शॅलमे स्वतः वाजवतो, गातो, बोटं बरोबर पडतात. त्यात न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात, १९६५ ला, गर्दीतला एक 'जूडास', म्हणजे विश्वासघातकी, म्हणून ओरडतो. ते ओरडणं खरंय, फक्त झालं ते १९६६ च्या मे महिन्यात इंग्लंडात मँचेस्टरला. पिक्चरवाल्याला दोन भांडणं एका रात्रीत पाहिजे होती. याला मी खोटं म्हणणार नाही, आपल्या कीर्तनकार बुवांनी दोन अभंगांच्या गोष्टी एकत्र गुंफाव्यात तसंय. क्वीनमध्ये आजाराची तारीख मागं ओढली ते मात्र मला माफ होत नाही, कारण तिथं तारीख बदलल्यावर माणसाच्या वागण्याचा अर्थच बदलला. माझी फूटपट्टी ही एवढीच.

ही फूटपट्टी घरच्या माणसाला लावून बघ. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, १९२४ चा जन्म. उद्या त्यांच्यावर पिक्चर काढला तर काय होईल मी आत्ता सांगतो: डॉक्टर म्हणणार तुम्ही गाऊ शकणार नाही, विजा चमकणार, आणि पुढच्या सीनला भरलेल्या सभागृहात तान. खरं काय, तर क्षयाने देवासला अंथरुणावर, वर्षानुवर्षं गाणं बंद, स्ट्रेप्टोमायसिन नवीन आलं म्हणून जीव वाचला, आणि पडून पडून कानावर माळव्याची लोकगीतं पडत राहिली. नुसतं ऐकत पडलेला माणूस कोण दाखवणार? पण पुढचं सगळं गाणं तिथंच तयार झालं की.

त्यामुळे एकच बघायचा असेल तर कंट्रोल बघ, २००७ चा, जॉय डिव्हिजनच्या इयन कर्टिसवर. दिग्दर्शक अँटन कॉर्बेन हा मुळात फोटोग्राफर, त्याने त्या बँडचे फोटो त्या काळातच काढलेले. नटांनी वाद्यं स्वतः वाजवलीत, आणि ते वाजवणं जरा कच्चं वाटतं, जसं वीस-बावीस वर्षांच्या पोरांचं असतंय तसं. कर्टिस सकाळी सरकारी ऑफिसात नोकरीला जातो आणि रात्री गातो, हे दाखवलेलं मला दुसरीकडे क्वचित दिसलं. आमच्या फाउंड्रीवाल्या गायकाला मी तो दाखवला, इंग्लिश फार कळलं नाही त्याला, पण त्या सीनला म्हणाला, "हा खरा आहे." शेवट मात्र फार जड आहे, पोरगा तेविसाव्या वर्षी स्वतःला संपवतो, तेव्हा एकटा रात्री बघू नकोस.

आणि हो, फ्रेडी पाचगणीच्या शाळेत शिकला, तिथंच पोरांचा हेक्टिक्स नावाचा बँड काढून पियानो वाजवायचा. बेळगावातनं सकाळी निघालं तर दुपारी जेवायला पाचगणी. पिक्चरमध्ये ती शाळा जवळपास नाहीच.

रविवारी येताना लाइव्ह एडचा मूळ व्हिडिओ मोबाईलवर डाउनलोड करून आण, माझ्याकडे नेट दमतंय. बेस ऐकू येईल असा हेडफोन पण आण.